सत्तेचाळीस आयसी आणि अतीकचं नाव

लिहून ठेवणार: गुरुसिद्धप्पा मल्लिनाथ कलशेट्टी, वय ७४, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती (आता बंद), राहणार सोलापूर.

माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी बायको भुवनेश्वरी हिला तो पटलेला नाही, पण तिचं मत इथे विचारात घेतलेलं नाही. कोणाच्याही दडपणाखाली नसताना मी हे लिहीत आहे. २०१९ साली केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी एका माणसाला चोर म्हटलं होतं.

१. राहतं घर भुवनेश्वरीला. तिच्या पश्चात मुलगा बसवराज याला, पण कलम ६ मधली अट पाळली तरच.

२. बँकेतली ठेव भुवनेश्वरीला. बसवराजला त्यातलं काही नाही, आणि त्याने का म्हणून विचारू नये. मी दवाखान्यात पडलो असताना त्याने माझ्या जुन्या डिस्क ड्राइव्हची तीन पोती भंगारवाल्याला घातली. वर तोंड करून म्हणतो, "अप्पा, कचरा होता की!" कचरा! माझी चाळीस वर्षं होती ती, गाढवा.

३. दुकानात काय चालायचं हे वकीलसाहेबांनाही दोनदा सांगावं लागलं, म्हणून लिहितो. फार जुन्या कॉम्प्युटरचे डिस्क ड्राइव्ह बिघडले की नवे मिळत नाहीत. त्या जागी बसेल असा ड्राइव्ह ज्याचा त्याला घरी जोडता यावा म्हणून मी किट बनवायचो. माझ्या हाताने आखलेलं बोर्ड, सुटे पार्ट, आणि कुठला पार्ट कुठे सोल्डर करायचा ते सांगणारा कागद. सुरुवातीची गिऱ्हाइकं अक्कलकोट रोडचे टॉवेल कारखानदार, त्यांची डिझाइनं जुन्या डिस्कवर अडकलेली. पुढे पार्सलं जर्मनीपर्यंत गेली. पण सगळं घोडं एका आयसीपाशी अडायचं. ती चिप बनवणं कंपनीने कधीच बंद केलेलं. ती शोधून आणायचा अतीक पीरसाब नदाफ. हैदराबाद, मुंबई, दिल्लीचं भंगार उपसायचा आणि मोडक्या बोर्डांवरून एकेक आयसी पाय न मोडता काढायचा. तसा हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

४. २०१६ साली त्याने सत्तेचाळीस आयसी आणल्या. त्यांतल्या सहा मी नव्याने आखलेल्या बोर्डांवर घालून किट बनवले, सहाही बंद. बाजारात तेव्हा नकलीचा सुळसुळाट होता. फालतू आयसीवर काळा रंग मारायचा आणि वर पाहिजे तो नंबर छापायचा. मी थिनरमध्ये कापूस बुडवून पुसलं. नंबर निघून आला. झालं! नवी पेठेत दुकानाच्या पायरीवर, भर बाजारात, तो कापूस मी अतीकच्या तोंडासमोर धरला. "तुझ्या बापानं गाद्यांचा कापूस पिंजला, तू माणसं पिंजतोस," असं मी म्हणालो. हेच शब्द. तो एवढंच म्हणाला, "अप्पा, माल खरा हाय. तुमचं बोर्ड बगा की एकदा." मी बोर्ड बघितलं नाही. माझं बोर्ड चुकेल हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्या दिवसापासून सोलापुरात त्याच्याकडून कुणी पार्ट घेतला नाही. आज तो जवळच्या कुंभारी गावात पंखे रिवाइंडिंग करतो.

५. गेल्या श्रावणात मी १९८८ पासून सीलबंद असलेला एक कॉम्प्युटर उघडला. आतल्या आयसीवर डिंक सांडला होता, तो थिनरने पुसला, तर नंबरही गेला. कंपनीने बसवलेली खरी आयसी! नंबर साध्या शाईचा होता, थिनरने जाणारच. नकलीवरून शाईखालचा रंगही निघतो. अतीकच्या आयसीवरून नुसती शाई निघाली होती आणि मी तेवढ्यावर बोंब मारली. मग पुरावा म्हणून आयसींसोबत कपाटात ठेवलेले ते सहा किट काढले आणि नऊ वर्षांनी बोर्ड बघितलं. एक रेझिस्टर मीच चुकीचा लिहिला होता. तो बदलला, सहाही किट चालू झाले.

म्हणून शपथेवर लिहितो: अतीकने दिलेला माल खरा होता. खोटा मी ठरलो. मी माती खाल्ली.

६. कुंभारीला गेलो. दारात त्याची बायको कौसर उभी. म्हणाली, "हाईत घरात. तुमच्यासाठी न्हाईत." दुपारपर्यंत उन्हात बसलो. शेवटी तो आला. मी म्हणालो, सगळ्या आयसी आणि हत्यारं तुझ्या नावे लिहितो.

"मेरेकू कुछ नक्को. नऊ वर्सं लोकं मला चोर म्हनतेत. आयसी घेऊन काय चाटू?"

"मग काय देऊ?"

"जे बोललात ते चूक होतं, कागदावर लिवा. मी वाचनार, मग साक्षीदार म्हनून सही करनार."

वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करत नाहीत, उद्या तंटा होतो. अतीक म्हणाला, "बरंच झालं की. काय देऊच नका."

तेव्हा अट अशी. बसवराजने सत्तेचाळीस किट पुरे करून जुन्या गिऱ्हाइकांना पाठवावेत. प्रत्येक कागदावर छापावं: ही आयसी अतीक नदाफ यांनी शोधून आणली, ती खरी आहे. एक जरी आयसी भंगारात गेली तर भुवनेश्वरीने घर वाटेल त्याला द्यावं. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत बसवराजने कलम ४ आणि ५ नवी पेठेत त्याच पायरीवर, बाजाराच्या वेळी, मोठ्याने वाचावं. पुटपुटू नये.

एवढं लिहून, वाचून, खाली सही केली.

गु. म. कलशेट्टी
सोलापूर, १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: शंकरप्पा बिराजदार, निवृत्त पोस्टमन. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार २: अतीक पीरसाब नदाफ. सगळं वाचलं. लिहिलंय ते खरं आहे. मला चोर म्हणताना अप्पा जिवंत होते आणि पायरीवर स्वतः उभे होते. हे वाचायलाही स्वतःच या. मेल्यावर पोराला कशाला पाठवता? माफीचं तेव्हा बघू.