सूर्यास्तापर्यंतचं स्टेशन

प्रिय मर्ना,

काल आपल्या रेडिओ स्टेशनचा मनोरा पाडला. आम्ही सात म्हातारे घडीच्या खुर्च्या घेऊन शेताच्या कडेला बसलो होतो. कुणीतरी कोलाचे नावाचे ते गोड पाव आणले होते, जर्दाळूचे, तुझ्या आवडीचे. तारा कापल्या आणि तो लोखंडी खांब आडवा झाला. मोठा आवाज होईल असं वाटलं होतं, तोही झाला नाही. मनोऱ्याचं यंत्र सांभाळणाऱ्या आपल्या ओर्विलचा मुलगा म्हणाला, आता इथे मका लावतील. अख्ख्या नेब्रास्कात मकाच आहे, त्यात आणखी थोडा.

आठव जरा. बियाण्यांच्या दुकानावरची ती खोली, भिंतींना ठोकलेले अंड्यांचे पुठ्ठे, आणि बावीस वर्षांचा मी, रॉक अँड रोलच्या तबकड्या लावणारा दीडशहाणा. पाळकसाहेब रविवारी प्रवचनात आमचा उद्धार करायचे आणि सोमवारी त्यांचीच मुलगी फर्माईश करायची. गावातला प्रत्येक फोन एक्स्चेंजमध्ये तुझ्या हातून जायचा, म्हणून खरं स्टेशन तूच चालवायचीस. रडकी गाणी मागणाऱ्यांना खुशाल ताटकळत ठेवायचीस. मला म्हणायचीस, तुझ्या आवाजाने पोरी विरघळतात, माझ्या आवाजाने फक्त लायनी जोडल्या जातात. तू हसत म्हणायचीस. ते मला लागायला हवं होतं, पण मीही हसायचो.

दिवस मावळला की आमच्यासारख्या लहान एएम स्टेशनांनी गप्प बसायचं, मोठ्यांच्या लहरींत लुडबुड करायची नाही, हा सरकारी नियम. बंद करायची वेळ महिन्यागणिक बदलायची. जूनमध्ये लोक जेवून अंगणात नाचायचे तरी आम्ही चालूच, आणि थंडीत शाळेतून पोरं घरी येऊन कोट काढतात न काढतात तोच आमचा निरोप. शेवटच्या गाण्याला त्यामुळे फार मान होता. ते ज्याच्या नावाने लागलं, त्याच्याबद्दल दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे चर्चा ठरलेली.

मी लग्नाचं विचारीन म्हणून तीन वर्षं तू थांबलीस. मग एक दिवस म्हणालीस, "तोंडाने सांगणं जमत नसेल तर गाणं लाव, वर्लिन. शनिवारी शेवटचं आपलं लागलं, तर मी राहते. नाहीतर सहाची ओमाहाची बस आहे." त्या शनिवारी तू बॅग घेऊन बस थांब्यावरच्या खानावळीत रेडिओपाशी बसलीस. मी आपली तबकडी दुपारपासून बाजूला काढून ठेवली होती. नोव्हेंबरभर आम्ही सव्वापाचला बंद करत होतो, त्या हिशेबाने मी थांबलो. पण तो शनिवार एक डिसेंबर होता, आणि डिसेंबरात वेळ पाचची. तिकडे शेतात, मनोऱ्याखालच्या यंत्राच्या खोलीत, ओर्विलने घड्याळ बघून पाचला खटका ओढला. माझ्या हेडफोनमध्ये आवाज माझ्याच खोलीतल्या यंत्रातून यायचा, त्यामुळे मला सगळं नीट ऐकू येत होतं. मी पंधरा मिनिटं बडबडलो, तुझं नाव घेतलं, गाणं लावलं. ते त्या खोलीबाहेर गेलंच नाही. तू सहाच्या बसने गेलीस.

पुढचं तुला ठाऊकच आहे. तुझं लग्न झालं, मुलगी झाली. माझं काहीच झालं नाही. स्टेशन आधी शेतमालाचे भाव सांगायला लागलं, मग प्रवचनं, मग नुसती खरखर. तुझ्या वडिलांच्या दफनाला तू आलीस, तेव्हा माझा हात धरून एवढंच म्हणालीस की, बरा आहेस ना. मी हो म्हणालो.

परवा जोलीनचं पत्र आलं. तू आता तिलाही ओळखत नाहीस. पण ऊन उतरलं की रेडिओ लावायला सांगतेस, समोर बसतेस आणि अंधार पडल्यावर विचारतेस, "लागलं का?" आई कशाची वाट बघते, असं तिने मला विचारलंय. जोलीन, हे तिला मोठ्याने वाचून दाखव. मर्ना, लागलं होतं. ओर्विलची चूक नव्हती आणि त्या एका तारखेचीही नव्हती. सव्वापाचला त्याचा फोन आला, "कुणाशी बोलतोयस, बाबा? डिसेंबर लागला, पाचलाच बंद केलंय." पाऊण तास हातात होता. खानावळ चार गल्ल्यांवर होती. मी कोट घातला, बूट घातले, आणि खुर्चीत बसून राहिलो. मला हायसं वाटलं होतं, मर्ना. माझं उत्तर माझ्याऐवजी दुसऱ्याच कुणी दिलं होतं. खिडकीतून तुझी बस जाताना दिसली, मगच मी उठलो. एवढी वर्षं हे लिहायचं धाडस झालं नाही. आज होतंय, कारण तुला यातलं काही कळणार नाही.

कसाही असलो तरी तुझाच,
वर्लिन