एक माप जास्त

१ मार्च, फ्रिस्को
आले एकदाची! वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली, आणि खिडकीतून दिसणारं वसुधाकाकूंचं कढीपत्त्याचं झाड. नोकरीसाठी नागपूर सोडून परदेशी आल्याचं दुःख त्यांच्या साबुदाणा खिचडीने निम्मं कमी केलं. नरेंद्रकाका हाडांचे डॉक्टर, आता रिटायर्ड. गॅरेजमध्ये त्यांची शिकारीची मोठी रायफल आहे. खांद्याच्या ऑपरेशननंतर तिचा धक्का सोसत नाही, म्हणून हलक्या धक्क्याची काडतुसं ते घरीच भरतात. देवघराच्या भिंतीपलीकडे दारूगोळा! मला हसूच आलं.

८ मार्च
काकांचे हात थरथरतात, म्हणून दारू आता मी भरते. पितळी कवच, मापभर पावडर, वर गोळी, मग प्रेसचा दांडा दाबायचा. काकांनी एक गोष्ट तीनदा सांगितली. हे माप इतकं लहान असतं की अर्धं कवचही भरत नाही. चुकून दोनदा पडलं तरी मावतं, बाहेरून कळत नाही, आणि रायफल चेहऱ्याशीच फुटते. म्हणून प्रत्येक कवचात टॉर्च मारून बघायचं, मगच गोळी बसवायची. मला म्हणाले, "सर्जनचे हात आहेत तुझे." आईला लगेच फोन करून सांगितलं.

१२ मार्च
आज वीस भरली. मध्येच ऑफिसमधून मॅनेजर निमिषचा कॉल आला. बोलताना हात चालूच होता, टॉर्च राहिला. शेवटी उरलेली पावडर तोलली तर एक माप कमी. सांडली असेल म्हणून बेंचखाली पाहिलं. काही नव्हतं. वीसही बंद झाली होती.
काकांनी विचारलं, सगळी तपासलीस ना? मी हो म्हटलं. किती सहज म्हटलं.

१३ मार्च
बंद काडतुसं तोलून पाहिली. कवचंच कमी-जास्त वजनाची, काही कळत नाही. उघडायची कशी ते काकांनाच विचारावं लागेल, मग कारणही सांगावं लागेल. काडतुसांचा डबा माझ्या कपाटात, स्वेटरखाली ठेवला.

१५ मार्च
काकांना नेमबाजीच्या रेंजवर जायचं होतं. डबा सापडेना. मी पाहिला नाही म्हटलं.

१८ मार्च
काका अजून शोधताहेत. आज फ्रीजमध्येही पाहिलं. काकू हळूच म्हणाल्या, काकांच्या आईंचं विसरणं असंच सुरू झालं होतं. न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय. तिथल्या चाचणीचा सराव म्हणून काका डायनिंग टेबलाशी बसून महिन्यांची नावं उलटी म्हणत होते. ऑगस्टला अडकले. मी जिन्यात उभी होते. तशीच वर खोलीत गेले.

१९ मार्च
डबा बेंचमागे ठेवला. काकांना 'सापडला'. काकूंचा हात धरून रडले. आता कोणत्या तोंडाने सांगू?

२२ मार्च, रेंज
काकांची मुलगी अनया आलीय. धक्का हलका, म्हणून आज तीही शिकणार. पोटात दुखतंय सांगून मी गाडीत बसलेय. समोर दिसतंय सगळं. एकेक बार मोजतेय.

नऊ. काका ठीक आहेत.

चौदा. सांडलीच असेल. नक्की सांडली—
नाही. मला माहीत आहे.

सतरा. काका उठले. अनया बसली—

तीस पावलं. दोन वाक्यं. तपासलं नव्हतं. डबा मी लपवला. इथे लिहिता येतंय, आणि—

अठरा.

एकोणीस.

म्हणजे शेवटचंच. दार उघडलं. थांबा म्हणून ओरडले. कुणी वळलं नाही, सगळ्यांचे कान झाकलेले— पळायला हवं. वही टाक. वही टाक, आसावरी, अनयाने गाल रायफलीला टेक