घर क्रमांक सात आणि मागचे तळे

मी, विलास रामटेके, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त वास्तुरचनाकार, राहणार लीड्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. अंमलबजावणी माझ्या वकिलांनी पाहावी.

१. आमची बारा घरांची वसाहत मीच आखली. भिंतींत पाकोळ्यांच्या घरट्यांसाठी पोकळ विटा, कुंपणांखाली काटेरी हेजहॉगना जायला फटी आणि आमच्या सात नंबरच्या मागच्या दाराशी बेडकांसाठी तळे. सर्व नकाशे स्थानिक निसर्गमंडळाला द्यावेत.

२. माझे दंताळे शेजारच्या मिस्टर हॉब्स यांना. त्यांनी फट बुजवून प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली, तेव्हापासून आमचा अबोला आहे. तिथे दंताळ्याचा उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे.

३. दुर्बीण हॅरोच्या शशीला, माझ्या जुन्या मित्राला. नकाशा पाहून त्याने विचारले होते, "अरे, यात माणसं कुठे राहणार?" मी ते हसण्यावारी नेले.

४. घर व बँकेतील शिल्लक माझी मुलगी धम्मशीला हिला, विनाअट. तळे ठेवावे की बुजवावे, तिने ठरवावे. माझी पत्नी यमुना व्हीलचेअरवर आली, तेव्हा बागेत उतरायला रॅम्प हवा होता आणि तो तळे बुजवूनच होणार होता. कौन्सिलच्या बाई मापे घेऊन गेल्या. मी म्हणालो, अंडी फुटू देत. मग पिल्ले बाहेर पडू देत. मग थंडी आली, बेडूक तळाच्या चिखलात निजले. यमुना म्हणायची, "राहू द्या हो, मी काचेतून बघते." ते मी खरे मानले, कारण ते माझ्या सोयीचे होते. दुसऱ्या फेब्रुवारीत ती गेली. दीड वर्षात ती एकदाही बागेत गेली नाही.

५. अंत्यविधी साधा असावा, त्रिशरण-पंचशील पुरे. माझ्याबद्दल कोणी भाषण करू नये, वसाहतीबद्दल तर नाहीच.

६. यमुनाला निरोप देऊन परतल्यावर धम्मशीला स्वयंपाकघरात म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला नाही, फ्रॉग्जना चूज केलं. जस्ट से इट." मी नियम आणि मोजमापे सांगत बसलो. ती क्रॉयडनला निघून गेली, तेव्हापासून फोनही नाही. तिला हे वकिलाकडून वाचावे लागेल याची मला लाज वाटते, पण समोर बोलायचे धैर्य झाले नाही. दोन साक्षीदारांसमक्ष लिहून देतो : हो, बेटा. मी बेडकांना निवडले.

सही : विलास रामटेके
ठिकाण : लीड्स
दिनांक : ३ मार्च २०२५

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली.
साक्षीदार : राजश्री मेश्राम, परीक्षित वानखडे