कोटाची डावी बाही

बंड्या,

मी ॲडमिट व्हायला निघाले. तोंड पाडून बसू नकोस. कॅन्सरची गाठ यकृतातच आहे, कुठे पसरलेली नाही, हे स्कॅनमध्ये स्वच्छ दिसलंय. डॉक्टरीणबाई तेवढा भाग कापणार, आणि उरलेलं यकृत पुन्हा वाढतं म्हणे. कापड असं वाढतं तर मी केव्हाच श्रीमंत झाले असते!

ही सगळी करणी त्या बी प्रकारच्या काविळीची. आईकडून जन्मताच आली आणि इतकी वर्षं गुपचूप बसली. तुझ्यातही असेल. पण रक्त तपासायचं म्हटलं की तुला नेमकं काम निघतं.

तुझा लग्नाचा कोट मशीनवर आहे. डावी बाही मुद्दाम लावलेली नाही. आधी रिपोर्ट घेऊन ये, सोबत कोटही आण, मग वॉर्डात बसून हाताने लावते. दुसऱ्या शिंप्याकडे पळू नकोस. बाही माझ्या पिशवीत आहे.

ताई