बाबा बगळा वाचतात

दि. ४ मार्च

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुम्ही सगळे मजेत असाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मजेत कोण आहे ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला रडायला लागतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय बाबा पलीकडच्या खोलीत कान टवकारून बसलेले असतात. कागदावर निदान नाक पुसायला थांबता येतं.

बातमी चांगली आहे. बाबा जेवायला लागलेत. पुस्तक डाव्या हातात धरून जेवतात, त्यामुळे भाजीत मीठ नसलं तरी त्यांना पत्ता नाही. तुझा विश्वास बसणार नाही, पण ज्या माणसाने जन्मात लिफ्टच्या माहितीपुस्तकापलीकडे काही वाचलं नाही, तो सध्या दोन दिवसांत एक कादंबरी फस्त करतोय. 'बगळा' मालिका. आई वाचायची बघ, आणि बाबा तिला चिडवायचे, 'काय, सापडला का तुझा चोर?' तोच बगळा. कोर्टातून निवृत्त झालेला कारकून, उंच, किडकिडीत, कुठेही जाऊन गप्प उभा राहणारा. पिस्तूल नाही, मारामारी नाही. समोरच्याला नुसतं म्हणतो, 'बरं, मग पुढे?' आणि समोरचा घडाघडा बोलत सुटतो. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवतो, दार आतून लावून घेतो आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगतो.

कोपऱ्यावरच्या वाचनालयवाल्याकडून आणतात. तो म्हणतो, बगळा कपाटात टिकतच नाही, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. पानांवर चहाचे डाग, कुठे तेलाची बोटं. एक खवचट वाचक तर पहिल्याच पानावर बॉलपेनने लिहून ठेवतो, 'खुनी आचारी आहे.' बाबा त्याला इतक्या शिव्या घालत होते की मला बरं वाटलं. किती दिवसांनी त्यांचा चढलेला आवाज ऐकला!

आमच्या लॅबमधले थोरले कारागीरसुद्धा बगळ्याचे भक्त निघाले. ज्यांनी मला कवळ्या बनवायला शिकवलं, तेच. मी विचारलं, एवढं काय असतं हो त्यात? मेणात दात बसवता बसवता म्हणाले, "अगं, आपल्याला कोणी काही सांगतं का? साहेब का चिडला, सांगत नाही. शेजाऱ्याने बोलणं का टाकलं, सांगत नाही. इथे दीडशे पानं धीर धरला तर कोणीतरी सगळं नीट सांगतं."

असो. बारक्याचं ते झाल्यापासून घरात भिंतसुद्धा बोलत नव्हती. आता निदान पान उलटल्याचा आवाज येतो. बारक्याची खोली मी अजून आवरली नाही. तू आलीस की आवरू.

एकच सांगायचं राहिलं. परवा बाबांनी विचारलं, बारक्या जावईबापूंच्या कारखान्यातून परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत काय काय होतं? मी म्हटलं, कपडे. तर म्हणतात, "बरं, मग पुढे?" मला हसू आलं. ते हसले नाहीत.

भावोजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझीच,
धाकटी


दि. २ एप्रिल

ताई,

फोन आपटलास ते बरं केलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही आपटला असता. बाबांनी भावोजींना विचारावं, 'त्या दिवशी तुम्ही कुठे होतात!' चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? आपल्या भावाला ज्यांनी स्वतःच्या खोक्यांच्या कारखान्यात कामाला घेतलं, जेवताना शेजारी बसवून घेतलं, पोरगा झोपत नाही, पुठ्ठ्याच्या ढिगामागे एकटाच बसून राहतो हे ज्यांच्या एकट्याच्या लक्षात आलं, आणि 'घरी राहा, जरा विश्रांती घे' म्हणून ज्यांनी त्याला स्वतः इथे आणून सोडलं, त्यांनी बाबांचं काय घोडं मारलंय? मी कडाकडा भांडले. बाबांचं एकच, "घाईघाईने आणून का सोडला? काहीतरी घडलं असणार तिथे."

तू म्हणालीस, या घराची पायरी चढणार नाही. नको चढूस. पण मला जे कळलंय ते ऐक.

काल मी वाचनालयात गेले होते, बाबांना पुस्तकं देऊ नका म्हणून सांगायला. तर तो बिचारा मलाच म्हणाला, "तुमचे बाबा सगळा बगळा नाही हो वाचत. चोरीचा तसाच परत करतात, पळवापळवीचा परत करतात. ज्यात सुरुवातीलाच कोणी जीव दिलेला असतो तेवढाच नेतात. तोच पुन्हापुन्हा."

मी उभ्याउभ्या चार पुस्तकं चाळली. चारही सारखीच. पहिल्या पानावर पोलीस म्हणतात आत्महत्या. घरचे रडतात. मग बगळा येतो, मान हलवतो आणि म्हणतो, 'माणूस असा उगाच मरत नसतो.' शेवटी खून निघतो. मी विचारलं, एखाद्यात तरी खरंच स्वतःहून गेलेला असतो का कोणी? वाचनालयवाला आ वासून बघायला लागला. "असं कसं चालेल, बाई? लोक येऊन पुस्तक तोंडावर फेकतील माझ्या."

बघ, लिहिला मी तो शब्द. इतके महिने आपण दोघी 'ते झालं', 'ते झालं' करतोय, जसं काही त्याला पडसं झालं होतं. आपल्या बारक्याने आत्महत्या केली, ताई. चिठ्ठी नाही, भांडण नाही. सकाळी माझ्याकडून शर्टाचं बटण लावून घेतलं आणि गेला.

बाबांना वेड लागलेलं नाही. त्यांनी उभा जन्म अडकलेल्या लिफ्ट सोडवल्या. लिफ्ट आपोआप बंद पडत नाही, कुठेतरी काहीतरी तुटलेलं असतं आणि शोधलं की सापडतं, एवढं त्यांना पक्कं माहीत आहे. आणि कोणी मारलं असेल तर त्याला जगायचं होतं, असं ठरतं ना? मग त्याला आपण नकोसे झालो नव्हतो. त्यासाठी त्यांना एक माणूस हवाय. कोणीही.

आता खरं सांगते, रागाव हवं तर. त्यातलं एक पुस्तक मीही घरी आणलं आणि संपवूनच उठले. वाचताना सारखं वाटत होतं, देवा, आमच्याकडेही असू दे कोणीतरी. आणि मग कोण असेल, कोण असेल करता करता मीसुद्धा भावोजींपाशी येऊन थांबले. क्षणभरच. पण थांबले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगू? म्हणून तुलाच सांगतेय.

वाचून फाडून टाक. न वाचता मात्र फाडू नकोस.

तुझीच,
धाकटी


दि. ११ मे

ताई,

हे पत्र भावोजींच्या हातून मिळतंय म्हणून दचकू नकोस. पुठ्ठा बघायला गिरणीवर जातो असं त्यांनी तुला सांगितलं असेल. गिरणीवर नाही, इथे येत होते. त्यांच्यावर ओरडायचं ते नंतर ओरड. आधी हे पुरतं वाच.

बाबा बरे आहेत. म्हणजे बरे दिसतात. त्याचंच लिहायचंय, पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर कळणार नाही.

भावोजी पहिल्यांदा आले तो रविवार होता. मी दार उघडलं आणि आधी आतल्या खोलीकडे पाहिलं. आता बाबा काय करतील? भावोजी सरळ आत गेले, बाबांसमोर खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही शोधताय ना, तो मी. माझ्यामुळेच झालं. तुम्ही म्हणाल तिथे सही करतो. पण आता हे थांबवा आणि तुमच्या लेकीशी बोला."

खोटं, ताई. धादांत खोटं. तू रोज तिकडे रडतेस ते बघवेना म्हणून हा माणूस खुनाचा आळ अंगावर घ्यायला बसमध्ये बसून आला होता. असा नवरा तुला मिळाला, आणि आम्ही त्याला काय दिलं?

बाबांनी चष्मा काढून पुसला. आणि हसले! मग उठून स्वतः चहा टाकला, त्यांच्या हातात कप दिला आणि म्हणाले, "जावईबापू, वर बसा. माफ करा मला. जो आपणहून कबूल करतो, तो कधीच नसतो. तो दुसऱ्या कोणाला तरी वाचवत असतो."

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बापाने पोरीकडे कसं पाहू नये, तसं पाहिलं.

तेव्हा भावोजींचा बांध फुटला. "बाबा, कोणीच नव्हतं हो तिथे. तो एकटा होता. एकटाच होता तो." बाबांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाला थोपटावं तसा. पण ऐकलं काहीच नाही.

पुढचे काही दिवस मी काय भोगलं ते लिहीत नाही. 'बटण तूच लावलंस ना?' 'तो काय म्हणाला?' 'बरं, मग पुढे?' मी काय सांगणार? 'जरा घट्ट लाव' म्हणाला. दुसरं काही म्हणाला नाही. तेवढंच माझ्याकडे आहे.

मग गेल्या आठवड्यात एके दुपारी बाबांनी मला हाक मारली. हातातलं पुस्तक संपलेलं होतं. मला समोर बसवलं, उठून दार लावून घेतलं आणि एकदम शांतपणे म्हणाले, "अगं, आपण सगळ्यांवर संशय घेतला. ही केस घेऊन कोण आलं, ते कोणी बघितलंच नाही."

मी म्हटलं, तुम्हीच की. तर म्हणाले, "तेच. या पुस्तकात तोच असतो. जो बगळ्याकडे रडत येतो, तोच."

आणि मग त्यांनी मला सांगितलं. ते व्हायच्या आदल्या दिवशी बारक्या त्यांच्या खाटेवर पायाशी येऊन बसला होता. म्हणाला, "बाबा, झोप लागत नाही हो मला." बाबा म्हणाले, "दिवसभर लोळल्यावर कशी लागेल? काम कर, घाम गाळ, मेल्यासारखी लागेल." तो 'हं' म्हणाला आणि उठला. एवढंच. कुठला बाप असं म्हणत नाही, सांग? तुला म्हणालेत, मला म्हणालेत, शंभरदा म्हणालेत.

मी तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, बाबा, काहीतरीच काय! ओरडायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि तसंच मिटलं. इतक्या महिन्यांत असा सैल झालेला चेहरा मी पाहिला नव्हता, शोधत होते ते सापडल्यासारखा. मला वाटलं, दोन मिनिटं त्यांना बसू दे असंच. मी गप्प बसले, ताई. आणि त्यांनी ते हो धरलं.

त्या दिवसापासून ते गाढ झोपतात. दुसऱ्या दिवशी सगळी पुस्तकं परत केली आणि नाव काढून घेतलं. वाचनालयवाला मला म्हणाला, "अजून दोन बाकी होते, तेवढे तरी वाचायचे." दाढी करतात. माझ्या सैपाकाला चांगलं म्हणतात. कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, पाण्याचा पंप अडला तर काय करायचं ते समोर उभं करून शिकवलं. शेजारची म्हणते, देव पावला गं, सावरले तुझे बाबा.

सावरलेले नाहीत. हे शांतपण मी एकदा पाहिलंय. शेवटच्या आठवड्यात बारक्यासुद्धा असाच गुणी बाळासारखा वागत होता, कपाट आवरलं, माझी साडी इस्त्री करून दिली, आणि मी तुला फोनवर म्हणाले होते, आता रुळावर आला बघ.

डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मला बाहेर नेऊन बजावलं, एक क्षण एकटं सोडायचं नाही. म्हणून कारखान्यात फोन करून भावोजींना पुन्हा बोलावलं. आत्ता मी हे लिहितेय तर पलीकडे ते दोघं पत्ते खेळतायत. मी रजा टाकलीय. न्हाणीघराची कडी काढून ठेवलीय. सकाळी बाबांनी विचारलं, कडी कुठे गेली? गंजली होती म्हटलं. "मला सांगायचं ना, मी बदलली असती," म्हणाले.

आता मी रोज म्हणते, बाबा, तुम्ही नाही, कोणीच नाही. ते मान हलवून हसतात. भावोजींनी कबूल केलं ते त्यांना खोटं वाटलं. मी गप्प बसले ते मात्र खरं वाटलं. आता माझ्या बोलण्याला काही किंमत उरली नाही. उरली असेल तर तुझ्या बोलण्याला. त्यांनी तुझा संसार चव्हाट्यावर आणला, तू त्यांच्यावर अजून चिडलेली आहेस, खोटं गोड बोलायचं तुला काही कारण नाही. तू तोंडावर सांगितलंस तर ऐकतील. हवं तर भांडत भांडत सांग. म्हण, नवऱ्यावर आळ घेतलात त्याची माफी मागा माझी, पण बारक्याचं तुमच्यावर येत नाही, बाबा.

तुला पटत नसलं, तरी सांग.

मुलांना शेजारी ठेव आणि भावोजी पाणी पिऊन होईपर्यंत निघ. बस सुटली तर दुसरी कर. मी दारातच बसलेय.

वाट बघणारी,
तुझी एकच उरलेली,
धाकटी