जुलैच्या बारा पिशव्या

प्रिय सुचिता,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. छत्तीस पानं, आणि पहिल्याच पानावर तुझ्या नावाखाली माझं नाव. सोबत तुझी चिठ्ठी : "वंदे, एकदा नजर फिरव, सही कर आणि पंधरा तारखेच्या आत परत पाठव. एवढंच काम." मी लेख तीनदा वाचला. इंग्रजी वाचायची सवय मोडली आहे, त्यामुळे वेळ लागला. इकडे मोताळ्यात सोयाबीनची काढणी चालू आहे. ज्ञानेश्वर सकाळीच शेतात जातात, ते दिवेलागणीला येतात. प्रतीक्षा यंदा बारावीला आहे. माझं नाव छापलेलं पाहून तिनं विचारलं, "आई, तू शास्त्रज्ञ होतीस?" मी म्हटलं, नव्हते. मग ती अभ्यासाला बसली आणि मी पुन्हा तुझी पानं उघडली.

चिखलदऱ्याच्या त्या बागेचा नकाशा तू फार चांगला काढून घेतला आहेस. आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा आपल्याकडे कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या चार रेघा होत्या. विदर्भात कॉफी पिकते हे तेव्हा कोणाला पटायचं नाही. नांदुऱ्याला तुझी आई मला म्हणाली होती, "कॉफी झाडाले लागते काय वो? मले वाटे डब्यातच येते." आपण खामगावहून पहाटेची एसटी पकडायचो, अकोटला बदलायची, परतवाड्याला पुन्हा बदलायची आणि घाट चढेपर्यंत तुला दोनदा उलटी व्हायची. बागेत दयारामभाऊ कुदळ घेऊन उभे असायचे. तेव्हा ते तिथे मजूर होते. आपण मातीतले किडे मोजायला आलोय हे ऐकून ते म्हणाले, "मोजले, अन् मंग?" तू त्यांना सिल्व्हर ओकच्या सावलीत उकिडवी बसून समजावलंस, की गळालेलं पान आपोआप माती होत नाही, ते कुरतडणारे, चघळणारे, बारीक करणारे हजारो जीव खाली असतात, आणि ते किती प्रकारचे आहेत यावरून जमिनीची तब्येत कळते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पालापाचोळ्यात हात घातला आणि तळहातावर वळून बसलेला एक वाणी किडा तुझ्यापुढे धरला. "हा घ्या तुमचा पयला."

पुढचं काम मला आवडायचं, हे खरं आहे. बारा ठिकाणची माती बारा कापडी पिशव्यांत भरून खामगावला आणायची, जाळी बसवलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यांत ओतायची आणि वर बल्ब लावायचे. माती वरून तापत, वाळत जाते तसे जीव ओल शोधत खाली सरकतात आणि शेवटी खालच्या अल्कोहोलच्या कुपीत पडतात. मग भिंगाखाली ब्रशच्या टोकानं एकेक वेगळा करायचा. वाळवी, मुंग्या, गोम हे सगळ्यांना ओळखू येतात. तू मला कोलेम्बोला दाखवलेस, तिळापेक्षा लहान, पोटाखाली चिमट्यासारखी शेपूट दुमडून बसलेले. छद्मविंचू, तो नांगी नसलेला इवलासा विंचू, पहिल्यांदा दिसला तेव्हा तू आपल्या कॉलेजच्या रामराव सरांना वर्गातून बोलावून आणलंस. सर तुला म्हणाले होते, नजर तुझी आणि हात वंदनाचा. हे वाक्य तू लेखाच्या शेवटी आभारात घातलं आहेस. सर असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

आता लेखातलं लिहिते. २००४ साली आपण मोजलं आणि गेल्या वर्षी तू त्याच जागी पुन्हा मोजलंस. मे, जून आणि ऑक्टोबरच्या आकड्यांत फारसा फरक नाही. जूनचे कोलेम्बोला तेव्हा दोनशे सहा, आता एकशे नव्वद. जुलैत मात्र तेव्हा चारशे बारा आणि आता दोनशे चार. पावसाळ्यातली ही निम्मी घसरण हाच तुझ्या लेखाचा गाभा आहे. ती एकाच महिन्यात दिसते, म्हणून तू अनुमान काढलंस की पाऊस लागताच बागेत जमिनीवर जहाल कीटकनाशक टाकत असावेत. बागेचं नाव तू घातलेलं नाहीस. पण नकाशा आहे, आणि त्या वळणावर दुसरी बाग नाही.

ती बाग आता दयारामभाऊंनी कसायला घेतली आहे, हे तुला ठाऊक आहेच. मी बुधवारी त्यांना फोन केला. आवाज थकला आहे, पण ओळख पटल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याची, मुलीची, पिकाची सगळी चौकशी केली. तू मागच्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन आलीस, आठ दिवस राहिलीस, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी फवारणीचं विचारलं तर हसले. "औषध? नाई वो ताई. जमिनीत नाई अन् झाडावर बी नाई. तीन हॉटेलवाले बिनऔषधाची म्हणून तर आपली कॉफी नेतात." मग म्हणाले, "काऊन? सुचिताताईले काही सापडलं काय?" मी म्हटलं, नाही, सहज विचारलं.

२००४च्या त्या जुलैत तुला कावीळ झाली होती आणि तू नांदुऱ्याला अंथरुणावर होतीस. चिखलदऱ्याला मी एकटी गेले. बारा पिशव्या व्यवस्थित भरून आणल्या. इथपर्यंत सगळं खरं आहे. खामगावला आले तर भारनियमन, दिवसाचे नऊ-नऊ तास वीज नाही, त्यामुळे नरसाळी लावलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी मोताळ्याहून निरोप आला की पाहुणे मला पाहायला येणार आहेत. मी पिशव्या प्रयोगशाळेच्या टेबलाखाली सरकवून गावी गेले आणि पाच दिवसांनी परतले. तोपर्यंत मातीला आंबूस वास सुटला होता. मी ती मागच्या आवारात ओतली आणि पिशव्या धुऊन वाळत घातल्या. सरांनी जाता जाता विचारलं, "जुलैचं झालं का?" मी हो म्हटलं. महिना संपायला आठ दिवस होते, पुन्हा जाता आलं असतं. गेले नाही, कारण मला कंटाळा आला होता. याहून मोठं कारण शोधायचा मी बरेच दिवस प्रयत्न केला. ते नाही. जूनचा तक्ता समोर ठेवला, पाऊस लागला की कोलेम्बोला वाढतात हे पुस्तकात होतं, म्हणून दोनशे सहाची दुप्पट केली. बाकीचे आकडे इकडेतिकडे हलवले. कुप्या दाखवाव्या लागल्या असत्या म्हणून जूनच्या कुप्यांतले निम्मे जीव दुसऱ्या कुप्यांत काढून त्यांवर जुलैच्या चिठ्ठ्या लावल्या. कुप्या अजून कॉलेजच्या कपाटात आहेत. दोन्ही महिन्यांचे कोलेम्बोला मिळून मोज, दोनशे सहाच भरतील. तू बरी होऊन आलीस आणि तक्ता पाहून माझ्या गळ्यात पडलीस. तेव्हा सांगायला हवं होतं. महिनाभरानं माझं लग्न ठरलं, तू पुढे बंगळूरला गेलीस, आणि तो आकडा तुझ्या प्रबंधात गेला.

म्हणजे त्या जमिनीत जुलैमध्ये किती जीव होते हे कोणालाच माहीत नाही, आणि आता कळणारही नाही. तुझ्या प्रबंधाचं काय होईल ते मला समजत नाही. तुझा त्यात दोष नाही, हे जिथे सांगावं लागेल तिथे येऊन मी सांगेन. माझं नाव लेखावरून काढ. मी हे फोनवरही सांगू शकले असते. काल दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला, कारण तू "जाऊ दे वंदे, वीस वर्षं झाली" म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं. म्हणून हे लेखी आहे. याची एक प्रत मी जवळ ठेवली आहे, एक दयारामभाऊंना आजच स्पीड पोस्टानं पाठवते आहे, आणि ही तुझी, लेख छापणाऱ्यांना दाखवता यावी म्हणून तारीख आणि पूर्ण नावासकट सही केलेली.

तुझीच,
वंदना ज्ञानेश्वर खर्चे
मोताळा, ९ ऑक्टोबर २०२५