लंकेच्या रस्त्यावरचा हत्ती

कँडी, सिलोन
ता. १९ जानेवारी १९५४

चि. सौ. सीतेस यशवंताचे अनेक आशीर्वाद.

मी व भैयासाहेब इकडे खुशाल आहोत. तुझी, दुर्गेची व लहानग्या बापूची खुशाली कळवावी. ‘सीता राहिली धार गावी नि स्वारी एकटीच लंकेला,’ असं तू निघताना म्हणालीस, ते भैयासाहेबांना सांगितलं. रोज एकदा आठवून हसतात.

आपल्या धन्याचं पडक्या इमारतींचं वेड तुला ठाऊकच. मांडू पुरलं नाही म्हणून लंका! मोटार बोटीवर चढवली तेव्हा माझाच जीव वरखाली होत होता. इथे तिन्ही त्रिकाळ भात, भाजीत खोबरेल. भाकरीवाचून हाल आहेत. लंकेत सोन्याच्या विटा म्हणतात, मला अजून एक दिसली नाही.

हे पत्र दुर्गेकडून वाचून घेऊ नकोस. तू एकटी वाच, अक्षर लावत लावत. तुला सोपं जावं म्हणून मोठं काढलंय, असं लिहिणार होतो. पण खोटं कशाला? बारीक लिहिलं तर मलाच दिसत नाही.

परवा अनुराधापूरहून इकडे येताना रस्त्यात हत्ती होता. माहूत त्याला नदीवर नेत होता. भर दुपार, लख्ख ऊन. मला तो दिसला नाही. सीते, हत्ती दिसला नाही गं! वाटलं, झाडाची सावली पडलीय. भैयासाहेब ओरडले तेव्हा ब्रेक दाबला. गाडी थांबली ती त्याच्या पायापासून हातभर अंतरावर. त्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

भैयासाहेब रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं नि म्हणाले, “यशवंत भिया, सच बता. कधीपासून?”

“चार वर्षं.”

“मग मांडूचा घाट?”

“पाठ आहे, साहेब.”

खरंच पाठ आहे. मांडू, इंदूर, देवास, पार बागलीपर्यंत. कुठल्या वळणावर हॉर्न द्यायचा, कुठे खड्डा चुकवायचा, हाताला माहीत आहे. लोक म्हणत, यशवंताचा हात काय सफाईचा! इथे एकही रस्ता ओळखीचा नाही. तिसऱ्याच दिवशी पितळ उघडं पडलं.

तू कितीदा म्हणालीस, “अहो, एकदा डाक्टरला दाखवा ना.” मी तुझ्यावरच खेकसलो. दुर्गेचं लग्न होईस्तोवर निभावून नेऊ, असं मनाशी धरलं होतं. पण श्रावणात भैयासाहेबांनी गाडी दिली नि मी तुम्हां तिघांना मांडूला नेलं, ते आठवतं? घाटात तू बापूला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी खुशाल झोपलीस. तेव्हाही मला पुढचं धड दिसत नव्हतं. समोरून बैलगाडी आली असती तर? परवापासून तेवढंच मनात येतं नि अन्न गोड लागत नाही. मला माफ कर. तोंडावर सांगायची हिंमत झाली नसती.

आज इथल्या डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन होईल, जाड भिंगाचा चष्मा लागेल, घरातलं सगळं दिसेल, म्हणाले. गाडी चालवणं मात्र सुटलं. आता भैयासाहेब स्वतः हाकतात नि मी शेजारी बसतो. गिअर बदलताना अशी खरखर करतात की माझे दात आंबतात, पण बोलू कुठल्या तोंडानं? नोकरीचं त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढल्या महिन्याच्या आठ तारखेला सकाळी आम्ही महूला उतरू. मोटार मागून मालगाडीनं येईल. तू स्टेशनवर ये. चार वर्षं मी तुला चालीवरून, बांगड्यांवरून ओळखत आलो. फलाटावरच्या गर्दीत ते जमायचं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, उखाण्यावाचून तू कधी माझं नाव घेतलं नाहीस. त्या दिवशी घे. मोठ्यानं घे. लोक हसले तर हसू देत. मी डब्यातून उतरेन नि तिथेच उभा राहीन.

तुझ्या हाकेवर चालणारा,
यशवंत